फोल्डस्कोपखाली काणी: कागदी सूक्ष्मदर्शकाची मजल कुठवर?

गव्हाच्या ओंबीतली काळी पूड, ज्वारीच्या दाण्यांतली काळी पूड, भाताच्या लोंबीतली काळी पूड. शेतात तिन्हीला एकच शब्द: काणी. बुरशींच्या वर्गीकरणात मात्र या तिघी एका घरच्या नसतात. गव्हाची मोकळी काणी उस्टिलाजिनेसी कुलातली. त्याच गव्हाची, सडक्या मासळीसारखी घाण येणारी बंट काणी टिलेशिएसी कुलातली, आणि हे कुल गणानंच नव्हे तर वर्गानंही वेगळं. भातावरची आभासी काणी तर काणीच नाही, ती पार दुसऱ्याच संघातली बुरशी.

हा निवाडा करायला सूक्ष्मदर्शक लागतो. प्रयोगशाळेतला हाताशी नसेल तर कागदी फोल्डस्कोपवर भागेल का, एवढ्याच प्रश्नापुरतं हे परीक्षण आहे. तलावातले जीव आणि कांद्याचा पापुद्रा त्यात कसे दिसतात यावर पुष्कळ लिहून झालंय. उत्तर आधीच सांगून टाकतो: काणी कोणत्या कुलातली हे बहुतेक वेळा त्यावर ठरतं, जाती मात्र ठरत नाही. न ठरण्यात दोष थोडा भिंगाचा आहे आणि थोडा त्या कुलाचाच.

स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या या उपकरणाची रचना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घड्या घालून जोडायचा कागद, एक चिमुकलं भिंग आणि फोनला चिकटवायला चुंबकी कडी. वजन दहा ग्रॅमही नाही. नेहमीच्या भिंगानं वस्तू १४० पट मोठी दिसते आणि २ मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील सुटा होतो. विकत घेताना सगळे १४० हा आकडा बघतात. काणीच्या कामाला २ हा आकडा महत्त्वाचा.

का ते बघा. काणीची काळी पूड म्हणजे त्या बुरशीचे बीजाणू. गव्हाच्या मोकळ्या काणीचा, म्हणजे उस्टिलागो ट्रिटिसीचा बीजाणू ५ ते ९ मायक्रॉनचा. २ मायक्रॉनच्या मापानं मोजला तर तो अडीच ते साडेचार घरांत संपला. तेवढ्या घरांत गोल आकार आणि तपकिरी रंग बसतो, त्यापलीकडे काही मावत नाही. त्याच्या अंगावरचे बारीक काटे अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेरचे; ते या भिंगाच्या हिशेबी नाहीतच. फोनवर चित्र बोटांनी ताणलं तर ठिपका मोठा होतो, काटे उगवत नाहीत. बंट काणीच्या टिलेशिया कॅरीजचा बीजाणू १४ ते २३ मायक्रॉनचा, म्हणजे सात ते अकरा घरं. त्याच्या पृष्ठभागावर जाळी असते आणि जाळीचा एकेक डोळा साधारण २ ते ४ मायक्रॉनचा. भिंगाची हद्द नेमकी इथे येते. बीजाणूच्या मध्यावर फोकस ठेवला तर कड करवतीसारखी दातेरी दिसते, वरच्या पृष्ठभागावर आणला तर जाळी अस्पष्ट का होईना कळते. टिलेशिया लेविस याच आकाराची, पण अंगानं गुळगुळीत. या दोघींतला फरक चांगल्या उजेडात आणि नीट बसवलेल्या काचेवर करता येतो. टिलेशिया काँट्रोव्हर्सा, म्हणजे बुटकी बंट, कॅरीजपासून वेगळी काढायचा नाद इथे करू नये. तिथे जाळीच्या भिंतींची उंची आणि बीजाणूभोवतीचं पारदर्शक आवरण मोजावं लागतं, त्याला तेलात बुडणारं शंभराचं भिंग हवं.

म्हणून या उपकरणाची खरी जागा मापात आहे. नुसत्या आकारावर बराच मोठा निकाल लागतो. कर्नाल बंटचे बीजाणू (टिलेशिया इंडिका) २२ ते ४७ मायक्रॉनचे, इतके मोठे आणि गडद की मोकळ्या काणीशेजारी ठेवले तर वाटाण्याशेजारी मोहरी. भाताच्या दाण्यातली खरी काणी टिलेशिया हॉरिडा, सरासरी २४ ते २८ मायक्रॉन. उस्टिलाजिनेसीतल्या पिकांवरच्या ओळखीच्या काण्या याच्या बऱ्याच खाली राहतात: उसाची चाबूक काणी ५ ते ८, मक्याची फुगवट्याची काणी ८ ते ११, ज्वारी-मक्याच्या कणसाची काणी (स्पोरिसोरियम रिलियानम) ९ ते १४. सुटा बीजाणू १५ च्या आत असेल तर उस्टिलाजिनेसीकडे कल ठेवावा, २० च्या वर गेला तर टिलेशिया. मधल्या पट्टीत घाई नको.

‘सुटा’ हा शब्द जपून वापरलाय. बाजरीच्या काणीत बीजाणू घट्ट गोळ्यांत असतात आणि गोळा ४२ पासून ३२५ मायक्रॉनपर्यंत भरतो. तो एकच बीजाणू समजून मापला की बाजरीची काणी थेट टिलेशियात जाऊन पडते. प्रत्यक्षात तिची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मोएझिओमायसिस ही उस्टिलाजिनेसीतलीच, आणि गोळ्यातला एकेक बीजाणू ७ ते १२ मायक्रॉनचा. आच्छादन काचेवर सुईच्या मुठीनं हलकेच दाबून बघावं. स्पोरिसोरियमचे सैल गोळे दाबानं फुटून बीजाणू मोकळे होतात, मोएझिओमायसिसचा गोळा तसा सुटत नाही. गव्हाच्या पानावरची पट्ट्यांची काणी, युरोसिस्टिस, आणखी वेगळी: एक ते चार गडद बीजाणू मध्ये आणि भोवती फिकट वांझ पेशींची झालर. ही झालर फोल्डस्कोपवर छान दिसते. एवढी ठसठशीत खूण काण्यांत दुसरी नाही, आणि तिचं कुलही स्वतंत्र आहे, युरोसिस्टिडेसी.

भिंगाआधी नाक आणि हात वापरावेत, हे सांगायला नको, तरी सांगतो. दाणा बाहेरून शाबूत, फोडल्यावर आत काळी पूड आणि मासळीचा वास असेल तर बंटकडे बोट जातं, वास ट्रायमेथिलअमाइनचा. दाणा उरलेलाच नाही, ओंबीचा नुसता काळा दांडा राहिलाय, ती मोकळी काणी. पुडीच्या मधोमध यजमान झाडाच्या ऊतींचा दांडा, म्हणजे कॉल्युमेला, आणि बाहेरून पातळ पापुद्रा असला तर स्पोरिसोरियमचा विचार करावा. दोन्ही नसतील तर उस्टिलागो. चाबूक काणीचा चाबूक म्हणजे हाच दांडा, हातभर वाढलेला. या खुणा हातभिंगानं उरकतात, फोल्डस्कोपची गरजच पडत नाही.

आता काच बसवण्याचं. निम्म्याहून अधिक लोक इथे फसतात आणि खापर भिंगावर फोडतात.

पूड सुईच्या टोकावर राहील एवढीच घ्यावी. मोहरीएवढी घेतली तरी काच काळी होते आणि कडेचे चार बीजाणू सोडले तर काही दिसत नाही. पाणी त्याहून नाजूक. १८ मिलिमीटरच्या आच्छादन काचेला १० मायक्रोलिटर द्रव पुरतो. ड्रॉपरचा साधा थेंब सुमारे ५० मायक्रोलिटरचा असतो, म्हणजे पाच पट जास्त. टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकात काच आडवी असते, त्यामुळे जास्तीचं पाणी खपून जातं. फोल्डस्कोप उजेडाकडे धरला की काच उभी होते. मग आच्छादन काच घसरते, बीजाणू ओघळतात आणि फोकस लागेपर्यंत नमुना नजरेआड होतो. जास्तीचं पाणी टीपकागदाच्या कडेनं शोषून घ्यावं आणि चारी कडा पारदर्शक नेलपॉलिशनं बंद कराव्यात. पाच मिनिटं वाळू द्यावं.

नुसत्या पाण्यात काणीची पूड भिजत नाही, तरंगते आणि हवेचे बुडबुडे धरून ठेवते. बुडबुडा आणि बीजाणू दोन्ही गोल, दोन्हीला काळी कड. नवखा माणूस बुडबुडेच मोजत बसतो. फोकस किंचित पुढे-मागे करावा: बुडबुड्याचा मधला भाग लख्ख पांढरा राहतो, बीजाणूचा तपकिरी रंग जात नाही. पाण्यात साबणाचा अगदी पुसटसा अंश टाकला की पूड बसते. टिकाऊ काच करायची तर लॅक्टिक आम्ल घ्यावं आणि काच मंद आचेवर बुडबुडे निघेपर्यंत तापवून पूर्ण गार होऊ द्यावी. लॅक्टोफेनॉल या उपकरणात टाळलेलं बरं. फिनॉल त्वचेला आणि डोळ्याला घातक आणि ही काच डोळ्यापासून बोटभर अंतरावर येते. काही जण पारदर्शक चिकटपट्टीवर पूड उचलून तीच आत सरकवतात. मापापुरतं ते चालतं. कोरड्या बीजाणूची कड मात्र उजेड इतका वाकवते की जाळी दिसणं विसरावं.

दुसरी गफलत काच उलटी घालण्याची. १४० पटीच्या एवढ्याशा गोल भिंगाचा फोकस भिंगापासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर पडतो. काचपट्टी एक मिलिमीटर जाड, आच्छादन काच ०.१७. नमुन्याची बाजू भिंगाकडे असेल तर फोकस पोचतो, पट्टीची पाठ भिंगाकडे आली तर जन्मात पोचायचा नाही. धूसरपणा कशानंच हटत नसेल तर भिंग पुसण्याआधी काच उलटून बघावी.

उजेड आकाशाचा किंवा दिव्याचा. सूर्याकडे रोखून कधीही बघू नये. फार पसरलेल्या उजेडात बीजाणू फिके पडतात. दिव्यावर काळा कागद लावून त्याला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं तर कडा उठून येतात. चित्राचा मधला भाग तीक्ष्ण असतो, कडेला सगळं विरघळतं. गोल भिंगाचा तो स्वभाव आहे, बिघाड नव्हे. म्हणून मोजायचा बीजाणू नेहमी मध्यावर आणावा. कागद अंगठ्यांनी सरकवत हे करायला सवय लागते आणि फोकस कागदाच्या ताणावर असल्यामुळे तो हाताबरोबर हलतो. २० बीजाणू मोजायचे तर डोळा लावून मोजण्यात अर्थ नाही. फोन चुंबकानं जोडावा, फोटो घ्यावेत, मग स्वस्थ बसून मोजावं.

मापासाठी स्टेज मायक्रोमीटर लागतो, १ मिलिमीटरचे १०० भाग पाडलेली काच. त्याचा फोटो त्याच फोननं, त्याच झूमवर घ्यावा. एका घराचे, म्हणजे १० मायक्रॉनचे, फोटोत किती पिक्सेल होतात ते लिहून ठेवावं. झूम बदलला की हिशेब रद्द. मायक्रोमीटर नसेल तर मक्याचे परागकण साधारण ८० ते १०० मायक्रॉनचे असतात. त्यावरून मोकळी काणी आणि कर्नाल बंट यांतला फरक कळेल, ८ आणि ११ मधला कळणार नाही.

या उपकरणाचा सर्वात चांगला उपयोग मात्र कोरड्या पुडीवर होत नाही. तो बीजाणू रुजवून होतो. १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो यांनी बंटचे बीजाणू पाण्यात रुजताना पाहिले आणि काणी हा सजीवामुळे होणारा रोग आहे हे दाखवलं, तेही त्या काळच्या भिंगांनी. उस्टिलाजिनेसी आणि टिलेशिएसी ही जुनी विभागणी याच रुजण्यावर उभी आहे. उस्टिलाजिनेसीच्या बीजाणूतून आखूड नळी निघते, तिला आडवे पडदे पडून सहसा चार पेशी होतात आणि प्रत्येकीच्या बगलेला बॅसिडिओबीजाणू, म्हणजे रुजण्यातून तयार होणारे नवे बीजाणू, धरतात. टिलेशियात नळीला तसे पडदे नसतात, टोकाला लांब सुयांचा झुबका येतो. टिलेशिया कॅरीजमध्ये या सुया जोडीजोडीनं आडव्या पुलानं सांधल्या जातात आणि शिडीच्या एका पायरीसारखा आकार होतो. सुया दोनेक मायक्रॉन जाड असल्या तरी पन्नास मायक्रॉनहून लांब असतात, त्यामुळे झुबका ओळखू येतो. कर्नाल बंटमध्ये सुया पुष्कळ जास्त, पण पूल नाही.

कृती साधी आहे. बीजाणू ०.५ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक ते दोन मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्यात दोनदा धुवायचे, नाहीतर काणीआधी जिवाणूच काचभर होतात. २ टक्के आगरचा अगदी पातळ थर काचेवर, त्यावर बीजाणू, वर आच्छादन काच, आणि सगळं ओल्या टीपकागदाच्या बंद डबीत. थर जाड झाला तर वर सांगितलेलं अर्ध्या मिलिमीटरचं गणित पुन्हा आडवं येतं. बार्लीची झाकली काणी (उस्टिलागो होर्डेई) किंवा ज्वारीची दाणे काणी २० ते २५ अंशांना दिवसा-दोन दिवसांत रुजते. बंटला १५ अंशांच्या आसपासचा गारवा लागतो आणि आठवडाभर धीर. खोलीच्या उकाड्यात दोन दिवस ठेवून ‘मेलेली दिसते’ म्हणून फेकून देऊ नये.

या परीक्षेतही खोडी आहेत. गव्हाची मोकळी काणी रुजते, पण बॅसिडिओबीजाणू धरतच नाही, नळीतून थेट तंतू निघतात. चार पेशींच्या बगलेला काही नाही म्हणून ती कुलाबाहेर जात नाही. युरोसिस्टिसची नळी टिलेशियासारखी टोकाला बीजाणू धरते, त्यामुळे जुन्या पद्धतीत ती टिलेशिएसीतच बसवली जायची. उलट पाकळीदार फुलांच्या परागकोशात जांभळट पूड भरणारी मायक्रोबोट्रियम उस्टिलागोसारखी आडव्या पडद्यांची नळी काढते. तिला उस्टिलागो व्हायोलेशिया म्हणतच होते. पुढे कळलं की ती तांबेऱ्यांच्या गोतावळ्यातली. सुदैवानं यजमान बघूनच ती पकडता येते, कारण उस्टिलाजिनेसी मुख्यतः गवतवर्गीय झाडांवर असते. भाताच्या आभासी काणीचे बीजाणू जेमतेम ३ ते ५ मायक्रॉनचे आणि हिरवट. अशा पुडीत नळीची वाट बघू नये. ती बुरशी अ‍ॅस्कोमायकोटा संघातली आहे.

मग जातीचं काय? इथे फोल्डस्कोपला फार बोल लावायचा नाही. उस्टिलाजिनेसी हे नाव त्युलान बंधूंनी १८४७ मध्ये दिलं, टिलेशिया ही प्रजातीही त्याच वर्षी त्यांनीच मांडली. त्यानंतर दीडशे वर्षं पुडीचा रंग, दांडा, पापुद्रा आणि काटे यांवर उस्टिलागो आणि स्पोरिसोरियम वेगळ्या काढल्या गेल्या. डीएनए हाती आल्यावर या खुणा वंशावळीशी जागोजाग जुळेनात. चाबूक काणी २००२ मध्ये उस्टिलागोतून स्पोरिसोरियममध्ये गेली. मक्याच्या काणीसाठी २०१६ मध्ये मायकोसार्कोमा ही जुनी प्रजाती पुन्हा उघडली गेली, तरी जनुकशास्त्रज्ञ आजही उस्टिलागो मेडिसच म्हणतात. याच कुलात मुख्यतः यीस्टच्या रूपात ओळखल्या जाणाऱ्या बुरशीही आहेत. रसायन उद्योगात वापरलं जाणारं लायपेज बी (चरबी तोडणारं विकर) देणारी मोएझिओमायसिस अंटार्क्टिकस त्यांतलीच. हजार पटीच्या भिंगाखालीही तिच्या यीस्टमध्ये काणीची खूण सापडणार नाही. अशा कुलात काटे दिसले नाहीत म्हणून फार बिघडत नाही. यजमान झाडाचं नाव चुकलं तर जास्त बिघडतं.

घेण्यासारखं वाटत असेल तर दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. कडा बंद न केलेली काच आत घालू नका. काणीची पूड कागदाच्या घड्यांत बसते आणि पुढच्या नमुन्यात ‘सापडते’. ज्वारीच्या पुडीत दोन-तीनच जाळीदार बीजाणू दिसले तर ते बहुधा गेल्या खेपेच्या बंटचे. कागद पाण्याला दाद देत नाही, ओल्या कापडानं पुसून घ्यावा. भिंगाला मात्र फक्त कोरडा मऊ कपडा. कर्नाल बंटचा संशय असलेला जिवंत नमुना घेऊन गावोगाव फिरू नये, बऱ्याच देशांत त्यावर विलगीकरणाचे नियम आहेत.

आणि काच बघून झाली की उरलेलं कणीस कोरडं करून कागदी पाकिटात ठेवावं, प्लॅस्टिकमध्ये नाही. पाकिटावर यजमान झाड, रोगट भाग, ठिकाण आणि तारीख पेन्सिलीनं लिहावी. जातीचं नाव त्याच पाकिटातल्या चिमूटभर पुडीच्या डीएनएवरून निघेल.